बॉम्बे रक्तगट: एका उणिवेचा इतिहास

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रक्तगटांच्या शास्त्राचा पाया पक्का झाला असून आता उरले ते केवळ वरचे मजले चढवण्याचे काम, असा समज वैद्यकविश्वात रुळला होता. व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली माणसांच्या रक्ताची तीन प्रकारांत विभागणी केली, पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना चौथा प्रकार आढळला आणि ए, बी, एबी व ओ ही चौकट कायम झाली. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर असणाऱ्या आणि शरीराला ‘आपले’ व ‘परके’ यांतला भेद कळवणाऱ्या खुणांना प्रतिजन म्हणतात, तर परक्या खुणेवर चालून जाणाऱ्या रक्तातील प्रथिनांना प्रतिपिंड म्हणतात. ज्याच्या पेशींवर ए प्रतिजन नाही त्याच्या रक्तजलात ए-विरोधी प्रतिपिंड असतात आणि ज्याच्याकडे बी नाही त्याच्याकडे बी-विरोधी असतात, हा लँडस्टायनर यांचा नियम. या नियमानुसार ओ गटाच्या पेशींवर दोन्ही खुणा नसल्यामुळे त्यांना शत्रू असण्याचे कारण नव्हते, म्हणून ओ गटाचा माणूस ‘सर्वदाता’ ठरला. ओ म्हणजे काहीच नसलेला गट, ही समजूत पाठ्यपुस्तकांतून इतकी घट्ट बसली होती, की ओच्या पेशींवरही एखादी खूण असेल आणि ती नसलेली माणसेही जगात असतील, हा विचार फारसा कुणाच्या मनात येत नव्हता. ही समजूत १९५२ साली मुंबईच्या परळ भागातील एका महापालिका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून मोडीत निघाली, आणि ती मोडणारे साधन कुठलेही नवे यंत्र नसून रोजच्या कामातली एक कंटाळवाणी चाचणी होती, ही या इतिहासातील सर्वांत लक्षात घेण्याजोगी बाब आहे.

ती चाचणी म्हणजे रक्ताची जुळणी, जिला रक्तपेढीत सर्रास क्रॉसमॅच म्हणतात. न्यूयॉर्कचे डॉक्टर रूबेन ऑटेनबर्ग यांनी १९०७ च्या सुमारास रक्त देण्यापूर्वी ती करण्याचा पायंडा पाडला. रुग्णाच्या रक्तजलाचे एक-दोन थेंब काचेच्या छोट्या नळीत घ्यायचे, दात्याच्या तांबड्या पेशी मिठाच्या पाण्यात धुऊन त्यांचे विरळ मिश्रण त्यात घालायचे, नळी काही वेळ ठेवून मग फिरवायची आणि उजेडासमोर धरून तळाशी बसलेला लाल ठिपका हलकेच हलवून पाहायचा. पेशी धुरासारख्या एकसारख्या वर उठल्या तर रक्त जुळले. त्या कणीदार पुंजक्यांनी सुटल्या तर ते रक्त त्या रुग्णाला विष. दात्याचा आणि रुग्णाचा गट एकच असला की ही चाचणी जवळजवळ नेहमी बिनबोभाट पार पडते, आणि म्हणूनच घाईच्या वेळी ती टाळण्याचा मोह सर्वत्र होत आला आहे.

परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले केईएम, १९२६ साली सुरू झाले ते एका अटीवर. त्या काळी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकांची वरची पदे इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे, म्हणजे बहुतांशी इंग्रजांकडे असत आणि हुशार भारतीय डॉक्टरांना तिथे वाव मिळत नसे. म्हणून देणगीदारांच्या विश्वस्तांनी नव्या संस्थेत अध्यापक भारतीयच असावेत असा आग्रह धरला. गिरण्यांच्या वस्तीत उभ्या राहिलेल्या या रुग्णालयात कोकणातून आणि देशावरून आलेल्या कामगारांची सतत रीघ लागलेली असे. पुढे जे आढळले ते या वस्तीच्या रक्तातच होते, हे खरे. पण ते आढळण्यासाठी पाहणारा डोळाही तिथे असावा लागतो, आणि तो विकृतिशास्त्र विभागात वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि तरुण एच. एम. भाटिया यांच्या रूपाने होता.

या तिघांसमोर आलेले कोडे असे होते. काही व्यक्तींच्या तांबड्या पेशी ए-विरोधी किंवा बी-विरोधी रक्तजलाने गोळा होत नव्हत्या, म्हणजे सरळ चाचणीनुसार त्यांचा गट ओ होता. उलट चाचणीत, म्हणजे त्यांच्या रक्तजलात ओळखीच्या ए आणि बी पेशी घालून पाहिल्यावर, दोन्हींचे पुंजके झाले. हेही ओ गटाशी तंतोतंत जुळणारे होते. दोन्ही चाचण्या एकमुखाने ओ सांगत असताना सामान्यतः शंकेला जागा उरत नाही. परंतु हेच रक्तजल ओ गटाच्या दात्यांच्या पेशींशी जुळवले असता त्या पेशीही गोळा झाल्या, आणि एका दात्याच्या नव्हे तर तपासलेल्या ओ दात्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा तसेच झाले. प्रयोगशाळेतल्या माणसाला अशा वेळी पहिला संशय स्वतःच्या नळ्यांवर, मिठाच्या पाण्यावर किंवा जुन्या झालेल्या रक्तजलावर येतो आणि बहुतेक विसंगती त्या संशयातच विरून जातात. परळमध्ये ती विसंगती विरू दिली गेली नाही. ओच्या पेशींवर असे काहीतरी आहे जे या व्यक्तींच्या पेशींवर नाही, एवढाच निष्कर्ष उरत होता, आणि तो निष्कर्ष ‘ओ म्हणजे काहीच नाही’ या समजुतीच्या मुळावर येणारा होता.

नमुने लंडनला गेले. तेथील लिस्टर संस्थेत रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर ही संशोधकांची जोडी रक्तगटांच्या जगातले शेवटचे न्यायालय मानली जाई, तर त्याच संस्थेत वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे रसायनशास्त्रज्ञ रक्तगटांच्या खुणा नेमक्या कोणत्या पदार्थाच्या बनलेल्या असतात याचा शोध घेत होते. तांबड्या पेशींवरून हे पदार्थ मिळवणे फार जिकिरीचे असल्यामुळे त्यांनी स्त्रियांच्या अंडाशयातून शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठींतील बुळबुळीत द्रवाचा आधार घेतला होता, कारण त्यात रक्तगटाचे पदार्थ विरघळलेल्या स्वरूपात आणि भरपूर असतात. ओ गटाच्या पेशींवर आणि कमी प्रमाणात ए व बी पेशींवरही आढळणाऱ्या एका मूलभूत पदार्थाला मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी आधीच ‘एच’ असे नाव दिलेले होते. वाम या सर्पाकृती माशाच्या युरोपीय जातीच्या रक्तजलात या एच पदार्थाविरुद्ध प्रतिक्रिया देणारा घटक असतो आणि ती प्रतिक्रिया फ्यूकोज या साध्या शर्करेने रोखता येते, असे त्यांनी १९५२ मध्येच दाखवले. परळच्या व्यक्तींच्या पेशींवर हा एच नव्हता, त्यांच्या लाळेतही तो नव्हता, आणि त्यांच्या रक्तजलात ए, बी व एच या तिन्हींविरुद्ध प्रतिपिंड होते. भेंडे, देशपांडे, भाटिया, सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स अशा सात नावांचा, तीन व्यक्तींविषयीचा छोटेखानी निबंध १९५२ साली लॅन्सेट या ब्रिटिश साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. मुंबईतील निरीक्षण आणि लंडनमधील रसायनशास्त्र यांची ती भेट बरोबरीच्या नात्याची होती. लंडनकडे एच होता, पण एच नसलेला माणूस परळकडेच होता.

याच सुमारास पुण्यात घडलेली एक गोष्ट या कथेला लागूनच आहे, आणि तिची नोंद मराठी वाचकाने घ्यावी अशी आहे. तेथील सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रक्तसंक्रमणाचे काम पाहणारे जॉर्ज बर्ड यांनी १९५१ साली कुळथाच्या बियांचा अर्क माणसाच्या रक्तावर घालून पाहिला, तेव्हा तो अर्क ए गटाच्या पेशींना निवडून गोळा करतो, एवढेच नव्हे तर ए गटाच्या दोन उपगटांपैकी जोमदार असलेल्या ए-१ ला वेगळा काढतो, असे दिसून आले. वनस्पतींच्या बियांतील, ठरावीक शर्करा ओळखून पेशींना चिकटणाऱ्या अशा प्रथिनांना पुढे लेक्टिन हे नाव मिळाले. कोकणात ज्याची पिठी आणि घाटावर ज्याचे माडगे होते, ते धान्य जगभरच्या रक्तपेढ्यांत अभिकर्मक म्हणून जाऊन बसले. युलेक्स या युरोपातील काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क एच पदार्थासाठी तसाच उपयोगी ठरला, त्यामुळे एच आहे की नाही हे पाहण्यासाठी वाम माशावर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही.

१९५२ च्या निबंधाने प्रश्न मांडला; त्याचे आनुवंशिक उत्तर १९५५ साली अमेरिकेतून आले. फिलिप लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इटालियन वंशाच्या एका कुटुंबात अशी स्त्री आढळली, जिचा गट चाचणीत ओ दिसत होता, पण तिने आपल्या अपत्याला बी जनुक दिलेले होते. ओ आईला एबी मूल होऊ शकत नाही, हा तोवर न्यायालयांतही पुरावा म्हणून चालणारा नियम होता. या स्त्रीकडे बी जनुक होते, ते पुढच्या पिढीत व्यवस्थित कामही करत होते, मात्र तिच्या स्वतःच्या पेशींवर ते व्यक्त होत नव्हते, कारण दुसऱ्याच एका जनुकाच्या उणिवेने ते दाबले गेले होते. लेव्हिन यांनी या प्रकाराचा संबंध मुंबईच्या शोधाशी जोडला आणि तेव्हापासून शहराचे नाव या रक्तगटाला कायमचे चिकटले.

वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी या साऱ्याचा जो उलगडा केला तो आज शाळकरी वाटावा इतका सोपा आहे, पण तो या दुर्मीळ व्यक्तींवाचून सुचला नसता. पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाच्या गॅलॅक्टोजवर एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, फ्यूकोज ही शर्करा बसवते, आणि या फ्यूकोजयुक्त टोकालाच एच म्हणतात. ए गटाचे विकर त्या एचवर आणखी एक शर्करा चढवते, बी गटाचे विकर दुसरी चढवते, आणि ओ गटाचे विकर निकामी असल्यामुळे तिथे एच तसाच उघडा राहतो. भिंतीत खुंटीच नसेल तर अंगरखे कितीही असोत, टांगणार कशावर, अशी बॉम्बे गटाच्या माणसाची स्थिती असते: त्याच्याकडे ए किंवा बी घडवणारी विकरे शाबूत असू शकतात, ती त्याच्या रक्तजलात पुढे प्रत्यक्ष सापडलीही, पण ज्यावर ती काम करतील तो एच मुळातच घडलेला नसतो. एबीओ ही पायाची रचना नसून एचच्या पायावर उभी असलेली दुसरी पायरी आहे, हे या उणिवेमुळे कळले. काही असण्यापेक्षा काही नसणे ज्ञानाला अधिक उपकारक ठरावे, असे जीवशास्त्रात वारंवार घडते, तरी इतक्या स्वच्छपणे क्वचितच.

केईएमच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. त्याचीच आजची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था झाली. भाटिया यांनी आपले आयुष्य या कामाला वाहिले. केंद्राने केलेल्या पाहणीतून मुंबईत सुमारे ७,६०० लोकांत एक व्यक्ती या गटाची असते, असा अंदाज निघाला. युरोपात हेच प्रमाण दहा लाखांत एक इतके विरळ मानले जाते. देशभरातील नोंदी गोळा झाल्या तेव्हा त्यांतील बहुसंख्य व्यक्ती महाराष्ट्रातील निघाल्या, आणि कर्नाटक, आंध्र व गोवा यांचा क्रम त्यामागून लागला. सर्वाधिक शोध जिथे घेतला तिथेच सर्वाधिक सापडणार, ही शंका रास्त आहे आणि पूर्व भारतातील आदिवासी समूहांत नंतर झालेल्या पाहण्यांनी ती काही अंशी खरीही ठरवली, तरी पश्चिम किनाऱ्यावरील हे प्रमाण केवळ शोधाच्या दाटीने समजावता येणारे नाही.

प्रमाण वाढण्याचे कारण या गटाच्या वारशाच्या रीतीत आहे. एच न घडवणारे जनुक अप्रभावी असते, म्हणजे आई आणि वडील या दोघांकडूनही तेच आले तरच उणीव प्रकट होते. एकाकडून आले तर माणूस केवळ वाहक राहतो आणि त्याचा रक्तगट अगदी नेहमीसारखा दिसतो. ७,६०० त एक या प्रमाणावरून साधे गणित मांडले तर दर ४४ लोकांत जवळपास एक वाहक असावा असे निघते. अर्थात हे गणित सर्व विवाह सरमिसळीने होतात असे गृहीत धरते आणि महाराष्ट्रात ते तसे कधीच होत नव्हते. एल. डी. संघवी आणि व्ही. आर. खानोलकर यांनी परळमधूनच १९४९ च्या सुमारास मुंबईतील सहा अंतर्विवाही, म्हणजे जातीतच लग्न करणाऱ्या, समूहांच्या सात आनुवंशिक गुणांचा अभ्यास प्रसिद्ध करून एकाच शहरात राहणारे समूह रक्ताने एकमेकांपासून किती अलग राहिले आहेत, हे दाखवले होते. त्यात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची मान्यताप्राप्त चाल मिळवली, की एका पूर्वजाचे जनुक दोन वाटांनी एकाच पाळण्यात येऊन पोहोचण्याची शक्यता बरीच वाढते. बॉम्बे गटाच्या कुटुंबांत नात्यातील विवाहांचे प्रमाण लक्षणीय आढळले ते यामुळेच.

जनुकाचा नेमका दोष कळायला आणखी चार दशके जावी लागली. एच घडवणाऱ्या विकराचे जनुक, ज्याला एफयूटी-१ म्हणतात, १९९० मध्ये हाती आले. ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर असून त्याच्या शेजारीच एफयूटी-२ हे भावंड आहे, जे लाळ आणि आतड्यांच्या अस्तरात हेच काम करते. जपानमधील कोडा आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवले, की भारतीय बॉम्बे गटाच्या व्यक्तींत एफयूटी-१ मध्ये ७२५ व्या स्थानी एका अक्षराचा बदल झालेला असतो, त्यामुळे विकरातील ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या जागी आर्जिनिन येते आणि विकर निकामी होते. शिवाय शेजारचे एफयूटी-२ जनुक समूळ गळून गेलेले असते. परळच्या व्यक्तींच्या लाळेतही एच का नव्हता, या १९५२ च्या निरीक्षणाचे उत्तर असे पंचेचाळीस वर्षांनी मिळाले. दोन वेगवेगळे दोष एकाच तुकड्यावर जोडीने सापडणे हे ते एकाच प्राचीन पूर्वजाकडून आल्याचे चिन्ह आहे. हिंदी महासागरातील रेयुनियाँ या फ्रेंच बेटावर, जिथे एकोणिसाव्या शतकात भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले, त्यांच्या वंशजांतही हीच जोडी मिळाली, तर त्याच बेटावरच्या दुसऱ्या, एच दुर्बळ असणाऱ्या प्रकारात बदल वेगळ्याच जागी होता.

एच नसल्याने माणसाचे काही बिघडते का, हा प्रश्न साहजिक आहे आणि त्याचे उत्तर विस्मयकारक रीतीने ‘नाही’ असे आहे. अशी माणसे निरोगी जगतात. उलट आतड्यांच्या अस्तरावर एच नसणे कधी पथ्यावरही पडते. जुलाब-उलट्यांची साथ आणणाऱ्या नोरोव्हायरसच्या कित्येक जाती याच शर्करेला धरून आतड्याच्या पेशींवर चिकटतात, त्यामुळे एफयूटी-२ निष्क्रिय असलेले लोक त्यांना सहसा दाद देत नाहीत, हे २००३ पासूनच्या प्रयोगांनी सिद्ध झाले आहे.

संकट उभे राहते ते फक्त रक्त लागते तेव्हा. या व्यक्तींचे एच-विरोधी प्रतिपिंड शरीराच्या तापमानाला पूर्ण कार्यक्षम असतात आणि दिलेल्या ओ गटाच्या पेशी रक्तवाहिन्यांतच फोडून टाकतात. मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. त्यांना केवळ आपल्याच गटाचे रक्त चालते. ज्या रक्तपेढीत उलट चाचणीत ए आणि बी पेशींबरोबर ओ पेशींची तिसरी नळी लावली जात नाही, तिथे असा माणूस सुखेनैव ओ म्हणून नोंदला जातो, आणि त्याच्या खिशातील ओळखपत्रावरही तेच छापलेले असते. ही तिसरी नळी खर्चाने नगण्य आहे. ती वगळण्याचे कारण आळसाखेरीज दुसरे शोधणे कठीण. दाता शोधायचा तर पहिली जागा रुग्णाची सख्खी भावंडे ही होय, कारण आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक भावंड त्याच गटाचे असण्याची शक्यता चारात एक असते. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचेच रक्त काढून ठेवणे, किंवा दात्याच्या पेशी ग्लिसरॉलमध्ये गोठवून वर्षानुवर्षे जपणे, हे बाकीचे मार्ग.

अलीकडच्या संशोधनाचे या मूठभर लोकांशी असलेले नाते विचित्र आहे. डेन्मार्क आणि स्वीडनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये आतड्यातील ॲकरमान्सिया या जिवाणूची विकरे वापरून ए आणि बी पेशींवरची जादा शर्करा कापून काढण्यात मोठे यश मिळवले. त्यातून कोणत्याही रक्ताचे ओ करता येईल अशी आशा आहे. परंतु कापल्यावर उरतो तो एच, आणि परळच्या रुग्णाला नेमका तोच चालत नाही. दुसरी वाट त्याच्या अधिक जवळून जाते: ब्रिस्टॉल येथील संशोधकांनी २०१८ साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या रक्तपेशींच्या पूर्वजपेशींत जनुकसंपादनाने पाच रक्तगटांची जनुके एकाच वेळी बंद केली आणि त्यांत एफयूटी-१ होते, म्हणजे त्यांनी बॉम्बे गट मुद्दाम घडवला. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये, संपादन न केलेल्या दात्याच्या मूलपेशींपासून वाढवलेल्या तांबड्या पेशी निरोगी स्वयंसेवकांना पहिल्यांदा टोचण्यात आल्या, त्याही चमचाभर. रक्ताच्या एका पिशवीत मात्र सुमारे दोन लाख कोटी पेशी असतात. तेवढ्या पेशी परवडणाऱ्या खर्चात वाढवणे जमेपर्यंत बॉम्बे गटाच्या रुग्णाचे रक्त भावंडांच्या चाचणीतून, दुर्मीळ दात्यांच्या नोंदवहीतून आणि दूरध्वनीवरून उठवलेल्या एखाद्या अनोळखी दात्याकडूनच मिळणार आहे.